‘डायअर्नल’ म्हणजे दैनिक?

इंग्रजीत ‘डायअर्नल’ असे एक विशेषण आहे. बोलण्यात ते जवळजवळ येत नाही, कथा-कादंबऱ्यांत क्वचित भेटते. विज्ञानाच्या पुस्तकांत मात्र ते ठाण मांडून बसलेले आहे. भूगोलात, प्राणिशास्त्रात, खगोलशास्त्रात, हवामानशास्त्रात, सागरविज्ञानात, भूचुंबकत्वात, कुठेही जा, ते गाठतेच. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली मुले अकरावीला इंग्रजी पुस्तक उघडतात, तेव्हा अशा शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहीत जातात. डायअर्नलच्या डोक्यावर ‘दैनिक’ लिहिले जाते आणि नजर पुढच्या ओळीवर जाते. आमचा आक्षेप या पेन्सिलीतल्या ‘दैनिक’ला आहे. तो सरळ चुकीचा असता तर एखाद्या उदाहरणात उघडा पडला असता. पण तो अर्धा बरोबर आहे, त्यामुळे पदवीपर्यंत टिकून राहतो.

आधी शब्दाचे घराणे पाहू. दिवसाला लॅटिनमध्ये ‘दिएस’ म्हणतात. त्यावरून ‘दिउर्नुस’ म्हणजे दिवसाचा, दिवसाशी संबंधित. फ्रेंचमधला दिवस, ‘जूर’, हा त्याचाच वंशज. इंग्रजीतले ‘जर्नल’ आणि ‘जर्नी’ हे शब्दही त्याच वाटेने आले. जर्नी म्हणजे मुळात एका दिवसाची चाल. लॅटिन ‘दिएस’ आणि आपला ‘दिवस’ यांचे मूळ एकच, प्रकाशणे या अर्थाचे. विरुद्धार्थी शब्द ‘नॉक्टर्नल’, आणि त्यातला ‘नॉक्ट’ म्हणजे आपले ‘नक्त’. दिवसभर उपाशी राहून रात्री जेवण्याच्या व्रताला आपल्याकडे नक्त म्हणतात, हे आजीला विचारले तर कळेल. एवढे सांगितले की शब्द परका वाटत नाही, आणि ही नातीगोती मुले आवडीने लक्षात ठेवतात असा आमचा अनुभव आहे.

पण नाते कळले म्हणजे वापर कळला असे होत नाही. ‘डेली’ आणि ‘डायअर्नल’ हे समानार्थी म्हणून पाठ केले, की निबंधात आपला दिनक्रम सांगताना एखादा हुशार विद्यार्थी ‘माझे डायअर्नल रूटीन’ लिहून मोकळा होतो. व्याकरण बिनचूक, आणि तरी इंग्रजी जाणणारा माणूस ते वाचून हसेल. का, ते मराठीतून लगेच समजावता येते. आपल्याकडे ‘आन्हिक’ हा शब्द आहे. अर्थ रोजचे, पण तो स्नान-संध्येला लागतो. ‘आमच्याकडे गवळी आन्हिक दूध घालतो’ असे कोणी म्हणाले तर आपण त्याच्याकडे जसे पाहू, तसेच ते आहे. शब्दाला अर्थाबरोबर सोयरीकही असते, म्हणजे तो कोणत्या नामांशी जुळतो हे ठरलेले असते. डायअर्नलची सोयरीक भरतीशी, तापमानाच्या कक्षेशी, ताऱ्यांच्या गतीशी, होकायंत्राच्या सुईशी, पक्षी-प्राण्यांशी आणि फुलांशी आहे. दूध, वर्तमानपत्र, गृहपाठ यांच्याशी नाही. समानार्थी शब्दांच्या जोड्या लावा, या जुन्या प्रश्नप्रकारात ही सोयरीक कुठेच येत नाही. त्या प्रश्नाने मुलांचे इंग्रजी किती बिघडवले आहे याचा हिशेब एकदा कोणीतरी करायला हवा.

आता मूळ अडचणीकडे येऊ. आपल्या ‘दिवस’ या शब्दालाच दोन अर्थ आहेत. ‘पाहुणे तीन दिवस राहिले’ यात रात्री धरलेल्या असतात. ‘दिवसा झोपू नये’ यात रात्र वगळलेली असते. (‘दिवस मावळला’ म्हणताना तर दिवस म्हणजे खुद्द सूर्य.) संस्कृतने पहिल्या अर्थासाठी ‘अहोरात्र’ हा वेगळा शब्द ठेवला होता, आपण त्याचा अर्थ ‘सतत’ असा करून टाकला. डायअर्नलने हे दोन्ही अर्थ लॅटिनमधून जसेच्या तसे आणले आहेत. कधी तो नॉक्टर्नलच्या विरुद्ध, म्हणजे उजेडातला. कधी तो अहोरात्रातून एकदा फिरून येणारा.

मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात शेकरू आहे. तो डायअर्नल प्राणी. इथे ‘दैनिक’ लिहिणाऱ्या मुलाच्या मनात काय उमटते? शेकरू रोज दिसतो! एखादा प्राणी रोज दिसणे आणि तो दिवसा वावरणे, यांत काय अंतर आहे ते शेकरू शोधायला गेलेल्यांना विचारावे. इथे हवा तो शब्द ‘दिनचर’. निशाचर सर्वांना ठाऊक आहे, घुबडासाठी ‘दिवाभीत’ हा सुंदर शब्द आहे, म्हणून दिनचर समजायला वेळ लागत नाही. तिथेच भूगोलाच्या पुस्तकातली ‘दैनिक तापमान कक्षा’ अगदी योग्य आहे. चोवीस तासांतले कमाल आणि किमान यांतला फरक, त्यात रात्र हवीच. जुलैत अलिबागेला हा फरक जेमतेम पाच-सहा अंशांचा असतो, कारण एका बाजूला समुद्र आणि वर ढग. म्हणजे एका ठिकाणी दैनिक चालतो, दुसऱ्या ठिकाणी दिशाभूल करतो. इथपर्यंत फारसे बिघडलेले नाही. दोन अर्थ, दोन शब्द, एवढेच सांगून भागते.

भागत नाही ते पुढे, आणि त्याची उदाहरणे रायगडच्या किनाऱ्यावर आयती मिळतात.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा घ्या. मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा सुरू झाली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेच्या ट्रॅम आणण्याचे ठरले. ट्रॅमच्या विद्युतप्रवाहाने नाजूक सुया थरथरणार, हे उघड होते. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडची अलिबागची जागा निवडली. १९०४ मध्ये तिथे लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत काम सुरू झाले. दोन वर्षे मुंबई आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेऊन जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळवला गेला, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्रॅम धावली. एका कुलाब्याहून दुसऱ्या कुलाब्याला झालेले हे स्थलांतर. अलिबागसमोरच्या जलदुर्गाचे नावही कुलाबाच, आणि १९८१ पर्यंत जिल्ह्याचेही तेच होते. आता ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. त्या संस्थेचे मुख्यालयही याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींची छाननी करून १९१० मध्ये दोन जाडजूड भाग प्रसिद्ध केले. त्या प्रकारच्या लिखाणात पानोपानी येणारी जोडी म्हणजे ‘डायअर्नल व्हेरिएशन’. पेन्सिलवाला विद्यार्थी लिहील, दैनिक बदल. बरोबर आहे. पण शांत दिवसाचा आलेख पाहावा. अलिबागेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक अडतीस हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असतो. रात्रभर त्याची रेषा जवळजवळ सपाट असते. सूर्य उगवून जरा वेळ गेला की ती चढू लागते, दुपारच्या सुमारास काही दशक नॅनोटेस्लांनी, म्हणजे हजारात एखादा भाग, वर गेलेली असते, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा खाली येते. सुई दिवसभरात किंचित हलते हे लंडनच्या जॉर्ज ग्रॅहम या घड्याळजीने १७२२ मध्येच टिपले होते. कारण सुचवले ते बाल्फोर स्ट्यूअर्ट यांनी, १८८२ मध्ये: वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युतप्रवाह वाहत असले पाहिजेत. आज आपल्याला ठाऊक आहे की सुमारे १०० ते ११० किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनी हवेचे आयनीभवन होते, तिथले वारे ती विद्युतभारित हवा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून ढकलतात आणि प्रवाह निर्माण होतो. सूर्य गेला की आयन झपाट्याने कमी होतात आणि प्रवाह क्षीण होतो.

म्हणजे इथला डायअर्नल दोन्ही अर्थांनी डायअर्नल आहे. चोवीस तासांनी परत येणारा, आणि उजेडातच घडणारा. ‘दैनिक’ने पहिला अर्थ दिला आणि दुसरा, म्हणजे ज्यात सगळे भौतिकशास्त्र आहे तो, गाळून टाकला. रात्रीची सपाट रेषा हाच तर आयनांबरचा पुरावा. ‘दैनिक बदल’ असे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ती रेषा सपाट का, हा प्रश्न पडण्याचे कारणच राहत नाही.

याच वेधशाळेच्या अहवालांत दुसरी एक जोडी येते, ‘सेक्युलर व्हेरिएशन’. मुलांना सेक्युलर माहीत असतो तो राज्यघटनेच्या उद्देशिकेतून; १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो तिथे आला. तोच अर्थ इथे लावला तर पृथ्वीचे चुंबकत्व धर्मनिरपेक्ष होऊन बसेल! लॅटिनमध्ये मूळ शब्दाचा अर्थ पिढी, युग. म्हणून सेक्युलर व्हेरिएशन म्हणजे वर्षानुवर्षे सावकाश होणारा बदल. इथे चुकीचा अर्थ इतका हास्यास्पद आहे की तो टिकत नाही. डायअर्नलच्या बाबतीत आपण तितके भाग्यवान नाही.

आता किनाऱ्यावर उतरू. सागरविज्ञानात आपल्या इथल्या भरतीला ‘सेमी-डायअर्नल’ म्हणतात. पेन्सिलीचा अर्थ: अर्धदैनिक. हा शब्द तर्काने बरोबर आहे, कारण आवर्तनाला सुमारे अर्धा दिवस लागतो. पण मराठी कानाला तो काय सांगतो? अर्धा दिवस काम, अर्धा पगार, तशी अर्धा दिवस येणारी भरती. साप्ताहिक आठवड्यातून एकदा, पाक्षिक पंधरवड्यातून एकदा, मग अर्धदैनिक किती वेळा? गोंधळलेला मुलगा ‘दोन दिवसांतून एकदा’ असे उत्तर देऊ शकतो, आणि ते देताना त्याच्या खिडकीतून समुद्र दिसत असतो. घरात बोट असलेल्या मुलाला भरती दिवसातून दोनदा येते हे शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक असते. त्याच्याकडचे ज्ञान पक्के आहे, शब्दच कच्चा.

त्याच्याकडे आणखीही काही असते. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती, हा कोकणातला तोंडी हिशेब. प्रतिपदेला पाऊण वाजता, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला वा अमावास्येला सव्वाअकरा. या हिशेबाकडे नीट पाहिले तर सेमी-डायअर्नलचा सगळा अर्थ त्यात आहे. दुपारचे की रात्रीचे, हे तो सांगत नाही. सांगण्याची गरजच नाही, कारण भरती दोन्ही वेळा येते. शुद्ध पक्षातली चतुर्थी की वद्यातली, हेही विचारत नाही. पंधरा तिथींत चंद्र घड्याळाच्या बारा तासांनी मागे पडतो आणि दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीचे वेळापत्रक पुन्हा पहिल्यावर येते. भरती जर दिवसातून एकदाच येत असती, तर तीच सूचना तीस तिथींसाठी वेगवेगळी द्यावी लागली असती.

हिशेब तपासूनही पाहावा. पंधरा तिथींना बारा तास, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५. तोंडी गणितासाठी घेतलेली ही तीन मिनिटांची सवलत साठत जाते, आणि पौर्णिमेचे सव्वाअकरा संपून दुसऱ्या दिवशीचे पाऊण येताना एकदम दीड तासाची उडी पडते. शिवाय समुद्र दर तिथीला सारखाच मागे पडत नाही. उधाणाच्या दिवसांत रोजचा उशीर कमी असतो, भांगाच्या दिवसांत तासाच्याही वर जातो. बंदराप्रमाणेही थोडा फरक पडतो. तरीही, घड्याळ आणि कालनिर्णय यांखेरीज काहीही न लागणारे याहून चांगले सूत्र आम्हाला सुचत नाही.

जिथे भरती खरोखर डायअर्नल, म्हणजे एकदाच येणारी, अशा जागाही पृथ्वीवर आहेत. मेक्सिकोच्या आखाताचा बराच किनारा तसा आहे, आणि व्हिएतनामजवळचे टोंकिनचे आखात. टोंकिनच्या या चमत्कारिक भरतीची हकिकत एडमंड हॅली यांनी १६८४ मध्ये प्रसिद्ध केली आणि तीन वर्षांनी न्यूटननी आपल्या ‘प्रिन्सिपिया’त तिचे स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न केला. लंडनच्या टेम्स नदीत दोनदा भरती पाहणाऱ्या माणसांना एकदाच येणारी भरती चमत्कारिक वाटली, तशी ती अलिबाग-श्रीवर्धनच्या मुलांनाही वाटेल. त्या आश्चर्यातूनच ‘सेमी’ या उपपदाची गरज मुलांना कळते.

आणि आता शब्दाने मारलेली खरी कोलांटी. आपली भरती सेमी-डायअर्नल, पण तिला ‘डायअर्नल इनइक्वॅलिटी’ असते. त्याचे भाषांतर ‘अर्धदैनिक भरतीची दैनिक असमानता’ असे करून वर्गात वाचून दाखवावे आणि मुलांचे चेहरे पाहावेत. सांगायचे एवढेच आहे की एका दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यातली मोठी उधाणे दुपारच्या सुमारास येतात. मुंबईत साडेचार मीटरहून उंच भरतीचे इशारे दिले जातात ते याच वेळांचे. हिवाळ्यात उलट, रात्रीची भरती दिवसाच्या भरतीहून चढते. चंद्र-सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला वा दक्षिणेला सरकलेले असले की दोनदा येणाऱ्या लाटेत एकदा येणारी लहान लाट मिसळते, एका भरतीला टेकू देते आणि दुसरीला खाली ओढते. ‘दिवसाच्या आणि रात्रीच्या भरतीतला फरक’ असे म्हटले की मासेमारी करणाऱ्या घरातली मुले हे आपल्यालाच समजावून सांगतील.

या सगळ्यात ‘दिवस’ तरी एकच आहे का? तोही नाही. ताऱ्यांची डायअर्नल गती म्हणजे २३ तास ५६ मिनिटांची फेरी. तापमानाचा डायअर्नल बदल बरोबर २४ तासांचा, कारण तो सूर्याचा. भरतीच्या संदर्भात दिवस मुख्यतः चंद्राचा, २४ तास ५० मिनिटांचा. विशेषण एकच राहते आणि मागचे घड्याळ बदलते. म्हणून हा शब्द शिकवताना अर्थ विचारण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात असे आम्हाला वाटते: दिवस कोणाचा, उजेडाचा भाग की पूर्ण फेरी, आणि फेरीत किती वेळा. ही तीन उत्तरे आली की मराठी प्रतिशब्द कोणताही वापरला तरी चालेल. न आली तर अचूक प्रतिशब्दही कामाचा नाही.

प्रतिशब्द घडवणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण तो पुरता न्याय्य नाही. परिभाषा कोश विषयवार तयार होतात. भूगोलाच्या कोशकाराने भूगोलापुरते पाहायचे, प्राणिशास्त्राच्या कोशकाराने प्राण्यांपुरते. आपापल्या जागी प्रत्येकाची निवड योग्य असू शकते. विद्यार्थ्याचे दप्तर मात्र एकच असते, आणि इंग्रजी पुस्तकांत सगळीकडे तोच एक शब्द भेटतो. आमची तक्रार आहे ती इंग्रजी आणि मराठी शब्दांच्या एकास-एक जोड्या छापणाऱ्या मार्गदर्शकांबद्दल आणि त्या पाठ करून घेणाऱ्या शिकवण्यांबद्दल. अकरावी-बारावीत इंग्रजी अंगावर आले म्हणून विज्ञान सोडणारी मुले आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्यांतल्या अनेकांना विज्ञान अवघड गेलेले नसते.

वर्गात करण्यासारखे दोन प्रयोग सांगून थांबतो. पहिला वायुदाबाचा. शाळेत निर्द्रव वायुदाबमापक असेल तर उत्तम. काही मोबाइल फोनमध्येही दाब मोजणारा संवेदक असतो. पावसाळा संपल्यावर, आकाश निरभ्र असताना, दोन दिवस दर दोन तासांनी दाब लिहावा. रात्रीच्या नोंदी मुलांनी घरून घ्याव्यात. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब जास्त आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी आढळेल. फरक दोन-तीन मिलिबारचा. पुस्तकात याचे नाव ‘डायअर्नल व्हेरिएशन ऑफ प्रेशर’, आणि आलेखात शिखरे दोन! नाव बरोबर की आलेख, यावर मुलांना भांडू द्यावे.

दुसरा भरतीचा. अमावास्येपासून सुरू करून पंधरा दिवस कुलाबा किल्ल्याकडे पायी जाण्याची वाट कधी उघडी पडते हे विचारून लिहून ठेवावे, आणि पाऊणपटीच्या हिशेबाने आलेल्या भरतीच्या वेळेत सहा तास मिळवून ताडून पाहावे. भांगाच्या दिवसांत पाणी फारसे ओसरत नाही, त्यामुळे मधले काही रकाने रिकामे राहतील. ते रिकामेच ठेवावेत. मुलांना वाटेने पाठवायचे नाही, माहितगारांना विचारायचे. रेवसच्या बाजूला खाडीच्या चिखलात गेलात, तर एक नांगी भलीमोठी असलेले लहान खेकडे दिसतील. ते बिळाबाहेर पडतात दिवसा, पण पाणी ओसरलेले असेल तेव्हाच. त्यांची वेळ रोज पाऊण-एक तासाने सरकते. त्यांना डायअर्नल म्हणायचे की नाही, हे मुलांना तीन प्रश्न लावून ठरवू द्या.